अय्यूबच्या गाडीतलं पाणी

शुक्रवारची नमाज आटोपली, जेवण झालं, की नावेद पडवीत यायचा आणि थोरल्या भावाच्या मोटारसायकलवरचं कापड काढायचा. कंपनीत कुठलीही शिफ्ट असो, हे काम चुकत नसे. अय्यूब आखातात टगबोटीवर नोकरीला होता. मोठाल्या जहाजांना दोर बांधून बंदरात ओढून आणणाऱ्या त्या बुटक्या, दणकट बोटी. दोन-दोन वर्षांनी घरी यायचा, आणि आला की सलाम-दुआ आटोपून पहिली किक याच गाडीला. तोवर तिला जिवंत ठेवायचं काम धाकट्याचं.

गाडी गॅरेजला न्यायची नाही, ही अय्यूबची सक्त ताकीद. तो धरमतरच्या मालवाहू बार्जवर होता तेव्हापासून गाडीचा नट नि नट त्याने स्वतःच्या हाताने फिरवलेला. चेन रॉकेलने कशी धुवायची, प्लग कसा घासायचा, कार्बोरेटर उघडताना बारीक स्प्रिंग कुठे उडते, सगळं त्यानेच नावेदला वरसे गावातल्या या पडवीत बसवून शिकवलं होतं. "दुसऱ्याला दिलीस तर तो बिघाड बघंल," तो म्हणायचा, "तू गाडी बघ."

दिवाळी होऊन गेली होती. हवेत कोरडी थंडी आलेली, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांची सुरकुती दुपारपर्यंत कडक व्हायची. त्या शुक्रवारी ऑईल बदलायचं होतं. नावेदने इंजिनाखाली पत्र्याचं तसराळं सरकवलं, पालथा झोपून ड्रेन बोल्टला पाना लावला आणि बोल्ट बोटांनी सैल केला.

काळं ऑईल यायला हवं होतं. आधी पाणी आलं.

स्वच्छ, थंडगार पाणी. बर्फाच्या पेटीतून झिरपावं तसं. तसराळ्यात चांगलं ओंजळभर जमलं, आणि मग त्यावर काळ्या ऑईलची धार पडली. नावेद उठून बसला. पावसाळा कधीचा सरला होता. गाडी कापडाखाली, पडवीत. त्याने ओलं बोट जिभेला लावलं आणि तसाच थुंकला. खारं होतं.

बोल्ट पुसून, वायसर नवा घालून त्याने पुन्हा आवळला. मधाच्या रंगाचं नवं ऑईल भरलं. हात पुसतोय तोच फोन वाजला. अय्यूबचाच होता.

"भाय, गाडीत पानी निघालं."

"कुठं, टाकीत?"

"इंजिनात. ऑईलच्या खाली."

अय्यूब हसला, पण हसता हसता त्याला खोकला आला. "येडा हायस काय? हवेवर थंड होणारं इंजिन ते. पानी शिरायला वाटच नाय त्याला." मागे कुठेतरी बोटीचा भोंगा वाजत होता. "नावेद... पानी खारं होतं काय रे?"

"तुला कसं ठावं?"

"अम्मीला बोलू नको. तुझ्या भाभीला, रिझवानालाही नको. परवा दोर फेकताना पाय सटकला माझा. पडलो समिंदरात. पोरांनी काढलं लगेच. नाकातोंडात गेलं थोडं, ओकून टाकलं. पण तेव्हापासून छाती अशी जड हाय... कोणी दगड ठेवल्यासारखी. आता आताच जरा मोकळी झाली. तुला फोन लावायच्या आधी."

नावेदने तसराळ्याकडे पाहिलं. ऑईलखालचं पाणी अजून हलत होतं. पडवीत वाऱ्याचा मागमूस नव्हता.

पुढचे दिवस त्याने गाडीकडे बघायचं टाळलं. पण एका संध्याकाळी शिफ्टवरून घरी येतो तर मोबाईलवर अय्यूबचा आवाज येऊन पडलेला. शब्द कमी, श्वासच जास्त. "नावेद... गाडी बघितलीस काय? बघ ना जरा... बघ."

त्याने डबा बाजूला टाकला, कंपनीच्या कपड्यांतच पालथा झोपला आणि बोल्ट काढला. या वेळी पाणी थांबेचना. तसराळं भरलं, त्याने बादली लावली. शेवटी ऑईलचा जेमतेम ओघळ आला. भरलं होतं त्यापेक्षा किती तरी कमी. गळती शोधायला त्याने खालून सगळीकडे बोट फिरवलं. इंजिन कोरडं होतं, फरशी कोरडी होती. नवं ऑईल ओतून त्याने झाकण लावलं, तसा मेसेज आला.

श्वास आला रे. अल्ला तुला सुखी ठेवो.

त्यानंतर दोघांनी या गोष्टीला तोंडाने नाव दिलं नाही. अय्यूबचा फोन यायचा, तो विचारायचा, "गाडी कशी हाय?" नावेद म्हणायचा, "आत्ता काढतो." तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फोटोत काही नव्हतं. फुफ्फुसं स्वच्छ, मजबूत, खलाशाला शोभतील अशी. गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली. कंपनीने रजा दिली, रविवारचं मुंबईचं तिकीट झालं. रविवारपर्यंत निभवायचं होतं.

पण रविवारपर्यंतचे दिवस लांबतच गेले. आधी आठवड्याने निघणारं पाणी आता रोज, मग सकाळ-संध्याकाळ. नावेदने कंपनीत आजारपण कळवलं आणि पडवीतच ठाण मांडलं. शिकलेलं सगळं करून झालं. गास्केट बदललं, ऑईल सील बदलले, सगळे बोल्ट पुन्हा कसले. जे उघडता येईल ते उघडून पुसलं. प्रत्येक भाग चांगला होता. बिघाड म्हणून कुठे बोट ठेवता येईल असं काही नव्हतंच. आणि जोडून झालं, की तासाभरात गाडीच्या पोटातून तो आवाज यायचा. तोंड पाण्यात बुडालेलं असताना कोणी श्वास घ्यायला बघावा, तसा.

गुरुवारी हेडलाईटच्या काचेत पाणी दिसलं. बाहेरून काच सुकी. आत, अर्ध्यावर, गढूळ नाही, अगदी नितळ पाणी उभं होतं. कापड झटकलं की त्यावर बारीक लाट उठायची.

रिझवानाला वाटलं, नवरा येणार म्हणून दीर गाडीमागे लागलाय. ती चहा आणून ठेवायची. "बस करा की हो, जेवायची तरी शुद्ध ठेवा. ते येतील नि करतील स्वतः." ती आनंदात होती. पडद्यांना इस्त्री करत होती. तिला काय सांगायचं?

अम्मीला, नूरबानोला मात्र सांगावं लागलं नाही. म्हातारी एकदा भिंतीला धरत पडवीत आली, बादलीजवळ थांबली, आणि खाली वाकून तिने वास घेतला. तिचं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं. बालपण सगळं भरती-ओहोटीत गेलेलं.

"हा आपल्या खाडीचा वास नाय," ती हळूच म्हणाली. "खाडीला चिखलाचा वास असतो. हा नुसता समिंदर हाय. खोल." मग लेकाकडे न बघता तिने विचारलं, "कवा पडला तो?"

नावेदने मान खाली घातली.

"काढला ना त्याला वर?"

"काढला, अम्मी. लगेच काढला."

"त्याला काढला," ती म्हणाली. "समिंदराला कोण काढनार..." तिने बादली स्वतः उचलली. मोरीत ओतायला गेली, दारात थबकली, आणि लांब अंगणाच्या कडेला जाऊन ओतून आली. "तू थांबू नको. काढत ऱ्हा."

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी अय्यूब विमानात बसणार होता. सकाळी त्याच्याशी बोलणं झालं. बॅग भरली होती, आवाज खोल होता पण सुरात होता. "घरी आलो की दोघं मिळून खोलू तिला. पेनपर्यंत एक चक्कर मारू." नावेदने पाणी काढलं, ऑईल भरलं. दुपारी पुन्हा पाना लावला, आणि पाना सटकला.

त्याने पुन्हा लावला. पुन्हा सटकला. इतक्या वेळा उघडून-आवळून बोल्टाच्या कडा गोल झाल्या होत्या. पाना नुसता भोवती फिरत होता. त्याने पकड लावली, पकडीचे दात घसरले. घणाने ठोकलं. गुडघ्याने जोर लावला, तळहाताची साल निघाली. बोल्ट जागचा हलला नाही. आत पाणी चढत होतं. इंजिनाला कान लावायची गरज उरली नव्हती, पडवीभर ऐकू येत होतं. मोठा, अडखळता श्वास. एक. मग थांबणं. मग दुसरा.

त्याने अय्यूबला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"गाडी आडवी पाड," नूरबानो दारातून म्हणाली. "वरच्या तोंडातनं काढ."

त्याने गाडी आडवी केली, ऑईल भरायचं झाकण काढलं. थेंब पडला नाही. गाडी उभी केली. आत पाणी डुचमळल्याचा आवाज स्पष्ट आला. पुन्हा आडवी केली. काहीच नाही. मग त्याने तिथेच टाकली ती आणि अनवाणी धावत सुटला.

रोह्यात प्रविणचं छोटं गॅरेज होतं. शाळेतला दोस्त. अय्यूबची ताकीद पहिल्यांदा मोडून नावेदने त्याला हाताला धरून उठवलं. "बोल्ट काढून दे. काय विचारू नको. चल."

प्रविण छिन्नी-हातोडा घेऊन आला. पडवीत पोचले तेव्हा संध्याकाळची, मगरिबची अजान होत होती. गाडी कोणीतरी उभी करून ठेवली होती. नूरबानो तिच्या टाकीवर हात ठेवून शेजारी बसली होती. गाडी गप्प होती.

प्रविणने बोल्टाच्या कडेला छिन्नी लावून तिरके ठोके दिले. बोल्ट फिरला. नावेदने बादली पुढे सरकवली, दोन्ही हातांनी धरली.

ऑईल आलं. मधाच्या रंगाची, जाड, सलग धार. प्रविणने बोट लावलं, दोन बोटांत चोळून बघितलं.

"पानी कुठाय? नवंकोरं ऑईल हाय हे. थेंब नाय पान्याचा."

नावेदने हेडलाईटकडे पाहिलं. काच कोरडी, लखलखीत. प्रविणने आपल्याजवळचा बोल्ट लावला, ऑईल परत भरलं आणि सवयीने किक मारली. एका किकमध्ये गाडी चालू झाली. अशी सुंदर, एकसुरी फायरिंग तिची कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

आवाज ऐकून रिझवाना बाहेर धावली. "झाली वाटतं एकदाची!" तिने हसून पदराने टाकीवरचे बोटांचे ठसे पुसले. "उद्या बघून खूश होतील."

"पानी निघालं?" नूरबानोने विचारलं.

"नाय, अम्मी."

म्हातारीने डोळे मिटले. "बंद कर ती गाडी," ती एवढंच म्हणाली.

प्रविणने चावी फिरवली. त्या शांततेत घरातला फोन वाजायला लागला. रिझवानाच जवळ होती. "त्यांचाच असणार," म्हणत ती आत गेली. नावेदला तिला अडवायचं होतं.

अय्यूब खोलीतल्या पलंगावर सापडला होता. बूट घातलेले, भरलेली बॅग पायाशी. समुद्र तिथून चांगला लांब होता. कागदावर लिहिलं होतं, हृदय बंद पडून मृत्यू.

मय्यत मुंबईच्या विमानतळावर उतरून गाडीने घरी आली, तेव्हा दुपार होती. सारा मोहल्ला लोटला होता. पेटीचं झाकण काढलं, तोंडावरचं कफन बाजूला केलं आणि घरच्यांना शेवटचं बघून घ्यायला पुढे बोलावलं. अय्यूबचा चेहरा शांत होता. नुसता झोपलाय असं कोणीही म्हटलं असतं. नूरबानोने कपाळावर हात ठेवला. रिझवानाला दोघींनी धरून मागे नेलं. मग नावेद वाकला.

अय्यूबच्या नाकात कापसाचे बोळे होते. ते पांढरे नव्हते. भिजून पिवळे झाले होते, आणि एका नाकपुडीतून बारीकसा ओघळ ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरला होता. उन्हात चमकत होता.

"औषध असतं ते," मागून कोणी समजुतीने म्हणालं. "तिकडं लावतात. पुसून घे, बाबा."

नावेदने रुमालाने पुसून घेतलं. सगळे बघत होते म्हणून रुमाल त्याने लगेच खिशात घातला. कबरस्तानातून परत आल्यावर, मोरीचं दार लावून घेऊन, त्याने तो बाहेर काढला आणि दोन बोटांत चोळून बघितला. हा चिकटपणा आणि हा वास त्याला अंधारातही ओळखता आला असता.

ऑईलचे डब्यावर डबे त्याने स्वतःच्या हाताने त्या गाडीत ओतले होते. बाहेरून अम्मी त्याला हाका मारत होती, आणि तो बोटं धूतच होता.