गाडीचं कपाळ

"ढकला! अजून जोरात ढकला!" रोहित वरून ओरडला.

"शहाण्या, तू वर बसलायस आणि आम्ही ढकलतोय! उतर आधी!" शुभांगी करवादली.

दिवाळीची सुट्टी लागताच रोहित पुण्याहून कासार आंबोलीला जयसिंगकाकांकडे येऊन धडकला होता. शुभांगी काकांची मुलगी आणि सोनी तिच्या वर्गातली, वरच्या वाडीतली. काकांच्या माळावर शहरातली माणसं एटीव्ही चालवायला येत. ती जाड टायरांची उघडी गाडी आता माळाच्या टोकाला रुसून बसली होती!

सोनी ढकलत होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दसऱ्यानंतर तिच्या कुत्र्याला, भुऱ्याला, घोणस चावली होती. काकांकडे कामाला असलेला तिचा दादा, गोरख, त्याला याच गाडीवर घेऊन पौडच्या गुरांच्या डॉक्टरकडे निघाला. खिंडीच्या चढावर गाडी बंद पडली. भुऱ्याला खांद्यावर टाकून तो धावत सुटला, पण पौड येईपर्यंत भुऱ्या गेला.

मागाहून काकांनी गाडी पाहिली, तर पहिल्याच झटक्याला सुरू! "गाडी ठणठणीत आहे! थापा मारतोस? कुठं टिवल्याबावल्या करत बसला होतास?" त्यांनी गोरखला कामावरून काढलं. आणि सोनीनंही काकांचंच खरं धरलं. "तूच मारलंस माझ्या भुऱ्याला!" ती दादाला म्हणाली. तो माण गावाला मजुरीला निघून गेला. तेव्हापासून सोनीला जेवण गोड लागत नव्हतं. भुऱ्याही नाही आणि दादाही नाही!

तेवढ्यात काका आले. त्यांनी टाकीचं टोपण उघडलं, आत डोकावून पेट्रोल पाहिलं, टोपण लावलं आणि स्टार्टर दाबला. धडधडधड!

"बघा! काही झालेलं नाही. त्या गोरखसारखी कारणं सांगू नका!" काका म्हणाले आणि निघून गेले.

सोनी टोपणाकडेच बघत राहिली. "काकांनी आत्ता काय केलं?"

"कुठं काय केलं? बटण दाबलं!" रोहित म्हणाला.

"त्याआधी! टोपण उघडलं की!"

शुभांगी चमकली. "अगं, त्या दिवशीही पप्पांनी आधी टोपण उघडून पेट्रोल पाहिलं होतं! गोरखदादानं सकाळीच टाकी भरलेली, तो कशाला उघडेल?"

"किराणा दुकानात तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडत्यात," सोनी भरभर बोलू लागली. "एकातनं तेल येतं, दुसऱ्यातनं हवा आत जाती. दुसरं बुजलं तर तेल थांबतं! टाकीचंबी तसंच असंल!"

तिघांची डोकी टोपणावर वाकली. त्यावर शेंदराचा जाड, वाळलेला थर होता. रोहितनं नख पुढं केलं.

"खरवडू नगंस!" सोनीनं त्याचा हात धरला. "मंग कोण इस्वास ठेवील? काकांच्याच हातात बंद पडली पायजे!"

दुसऱ्या दिवशी रोहित साळसूदपणे म्हणाला, "काका, खिंडीपर्यंत ही तुम्हाला चढवता येते का हो? की फक्त गोरखदादालाच जमायचं?"

"मला विचारतोस? बघच आता!" काकांनी मिशीला पीळ दिला.

तिघं मागून धापा टाकत पळाली. अर्ध्या चढावर गाडी फुरफुरली, दोन आचके दिले आणि बंद! काकांनी पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबला. छे! त्यांचा हात टोपणाकडे गेला.

"न्हाई काका!" सोनी किंचाळली. "टोपणाला हात लावायचा न्हाई!"

काका दचकलेच! इंजिन गार होऊ दिल्यावर शुभांगीनं टाकीतून कार्बोरेटरला पेट्रोल नेणारी नळी काढली आणि तिच्या तोंडाखाली बाटली धरली. चार थेंब पडले. मग तेही थांबले.

"टाकी भरलेली आहे, पप्पा. मग पेट्रोल का येत नाही?"

सोनीनं टोपण फिरवलं. फुस्स! हवा आत शिरली आणि नळीतून धार लागली! शुभांगीनं चटकन नळी बसवली. रोहितनं शेंदूर खरवडला. खाली टाचणीएवढं भोक होतं, गच्च बुजलेलं.

"छोट्या चकरांना एरवी काही होत नव्हतं, टोपण मधूनमधून उघडलं जायचं ना," शुभांगी म्हणाली. "पण हे लावलं कुणी?"

काकांचा चेहरा उतरला. "मीच. दसऱ्याला. सगळ्या गाड्यांच्या कपाळाला लावतो. हिला कपाळच सापडेना. टोपण गोल, मधोमध... म्हटलं, हेच कपाळ."

रोहितला हसू फुटलं, पण सोनीकडे पाहताच ते विरलं.

काका धोंड्यावर बसले. "पोरगा हात जोडून सांगत होता, आणि मी त्याला खोटं पाडलं! शाब्बास रे पोरांनो, माझे डोळे उघडलेत. मी स्वतः माणला जातो, त्याची माफी मागतो."

त्या शाबासकीनं सोनीला काडीचाही आनंद झाला नाही. याच चढावर दादा एकटा स्टार्टर दाबत बसला असेल, मांडीवर भुऱ्या तडफडत असेल!  तिनं शुभांगीचा फोन मागून घेतला.

"दादा... गाडी खरंच बंद पडली व्हती."

"व्हय," गोरख हळूच म्हणाला. "सांगितलं व्हतं की तुला."

"माझं चुकलं रं दादा! तू घरी ये!"



"येतो. सोने, त्या दिवशी भुऱ्या माझ्या खांद्यावरनं सारखा मागं वळून बघत व्हता. तू येतीस का म्हणून. तेवढं तुला सांगायचं व्हतं गं, पण तू बोलंचना."

सोनी तिथंच चढावर मटकन बसली आणि इतक्या दिवसांचं सगळं रडून घेतलं.