मिठातला लॅपटॉप

लॅपटॉपचं खालचं झाकण निघालं आणि त्यातून मीठ सांडलं.

थोडंथोडकं नाही, चांगलं मूठभर! जाडं, करडं, खड्याचं मीठ टेबलावर पसरलं आणि चांदणीच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर जागच्या जागी थबकला. सिल्व्हर पार्कमधल्या या चिंचोळ्या दुकानात सहा वर्षांत तिने काय काय पाहिलं नव्हतं... कीबोर्डमध्ये पोहे पाहिले होते, पंख्यात झुरळांचं सहकुटुंब बिऱ्हाड पाहिलं होतं, एका सीपीयूत तर पालीची अंडी निघाली होती. पण मीठ?

"हे... काय आहे?"

"मीठ," समोरचा तरुण म्हणाला.

"ते दिसतंय मला. इथे कसं आलं?"

तो उंच होता, सावळा होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. "आईने घातलं."

चांदणीने आ वासला. मिटायलाही विसरली.

"आम्ही किनाऱ्यावरच्या डोंगरी गावचे. आई मासळी सुकवते," तो घाईघाईने सांगू लागला. "शनिवारी लिंबू सरबताचा जग लॅपटॉपवर कलंडला. मी घरी नव्हतो. आईने आधी चार-पाच वेळा बटण दाबून पाहिलं. मग तिला वाटलं, मासळीतलं पाणी मीठ ओढून घेतं, तर ह्याचंही घेईल. म्हणून खाली एक थर, वर एक थर, फडक्यात बांधून टोपलीत. आणि वर... वजन म्हणून पाटा."

"पाटा? वाटायचा?"

"हो."

"लिंबू, साखर, मीठ," चांदणी हळूच म्हणाली. "बर्फ तेवढा राहिला."

ही थट्टा ऐकून कोणीही हसलं असतं. तो हसला नाही. त्याचे डोळे त्या मिठावर खिळले होते, आणि ते भरून आलेत हे पाहून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"ह्यात माझ्या वडिलांचा व्हिडिओ आहे," तो म्हणाला. "मागच्या वर्षी गेले ते. आजारपणात त्यांनी बहिणीच्या लग्नासाठी आशीर्वाद बोलून ठेवला होता. आम्ही कोणी पाहिलेला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात लावा म्हणाले होते. रविवारी क्रिस्टलचं लग्न आहे."

"दुसरी कॉपी?"

त्याने मान हलवली. "नाही."

आज सोमवार होता.

चांदणीने मिठाचा एक खडा चिमटीत धरला, अंगठ्याने चोळला. "खाडीचं मीठ आहे. दुकानातल्या पिशवीतलं नाही."

आता थक्क व्हायची पाळी त्याची होती. "कसं ओळखलंत?"

"आम्ही घोडबंदरचे. माझ्या बाबांचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. मीठ नको म्हणून मी कॉम्प्युटर शिकले, आणि बघा... आलंच पाठोपाठ!"

या वेळी तो हसला. हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती, हे चांदणीने बघितलं नाही असं म्हणायला हरकत नाही, पण ते खरं नव्हे.

"नाव?"

"मेल्रॉय."

"बोर्ड गेल्यात जमा आहे, मेल्रॉय. मी हार्ड डिस्क काढून बघते. आशा दाखवणार नाही, पण सोडणारही नाही."

तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं... याने 'दादा नाहीत का?' असं विचारलंच नाही. दुकानावर 'चांदणी कॉम्प्युटर्स' अशी पाटी होती आणि येणारा प्रत्येक जण धरून चालायचा की ती मालकाच्या मुलीच्या नावाची असणार. पंढरीनाथ काका तर समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे, तरी दर वेळी काउंटरमागे डोकावून मालक शोधायचे. याने सरळ तिच्या हातात लॅपटॉप दिला होता.

डिस्क निघाली. तिच्या सर्किटवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं. चांदणीने ती स्पिरिटने धुतली, ब्रशने घासली, टोकं खोडरबरने लख्ख केली आणि केबल लावून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्क फिरली! फाइल दिसली, कॉपी सुरू झाली... आणि तीन टक्क्यांवर डिस्क तापून बंद पडली. थंड करायची, पुन्हा लावायची, आणखी तीन टक्के. हे असंच चालणार होतं.

मंगळवारी मेल्रॉय घरचा सीपीयू कडेवर घेऊन हजर!

"चालूच होत नाही. नुसता बीप बीप करतो."

चांदणीने झाकण उघडलं. रॅमची पट्टी खाचेतून अर्धी बाहेर आली होती. तिने ती काढली, खोडरबरने पुसली, दाबून बसवली. स्क्रीन उजळला.

"एवढंच?" त्याने डोळे मोठे केले. "जादू आहे तुमच्या हातात."

"खोडरबरात आहे," ती म्हणाली, पण कानशिलं गरम झाली होती.

बुधवारी तो बहिणीचा लॅपटॉप घेऊन आला, आवाज येत नव्हता. कोणीतरी म्यूट केला होता. गुरुवारी आणखी एक लॅपटॉप, वाय-फाय लागत नव्हतं. चांदणीने एक बटण दाबलं.

"एअरप्लेन मोड चालू होता."

"अरेच्चा! घरात बसून विमान?"

"तुमच्या घरात आहेत तरी किती मशिनी?"

"संपत आल्या," तो खिन्नपणे म्हणाला, आणि चांदणीला एवढं हसू आलं की तिला खाली वाकून स्क्रू शोधायचं नाटक करावं लागलं.

तो थांबायचा. डिस्कवर वारा नीट लागेल असा टेबलफॅन धरून बसायचा. कधी डोंगरीचं सांगायचा, कधी काहीच नाही... पडद्यावर टक्के सरकताना दोघे गप्प बघत राहायचे. गुरुवारी एकाहत्तर टक्के झाले. चांदणी रात्री स्वयंपाक करतानाही मनातल्या मनात टक्के मोजत होती, आणि आपल्याला नक्की कशाची घाई आहे आणि कशाची नाही, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

शुक्रवारी तो माउस घेऊन आला.

"हा मरतुकडा झालाय."

त्याच वेळी पलीकडच्या बिल्डिंगमधल्या नीलिमाताई प्रिंटरची शाई घ्यायला दुकानात शिरल्या आणि दारातच थांबल्या. "अय्या! मेल्रॉय सर, तुम्ही इथे?"

मेल्रॉयच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"सर?" चांदणीने विचारलं.

"अगं, आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात! अख्खी लॅब हेच सांभाळतात. साठ मशिनी आहेत, पण बाहेरचा मेकॅनिक म्हणून बोलवावा लागत नाही."

नीलिमाताई शाई घेऊन गेल्या. चांदणीने माउस उलटा केला. सेल उलटा घातलेला होता.

"हा तुम्ही घातलात. उलटा."

त्याने माउसकडे हात नेला. तिने तो मागे घेतला.

"रॅम तुम्ही उपसलीत. म्यूट तुम्ही केलंत. एअरप्लेन..." तिने सेल काढून काउंटरवर आपटला. "माझी परीक्षा घेत होतात? बाईमाणूस आहे, हिला येतंय का बघू?"

"नाही! चांदणी, देवाशपथ नाही—"

"सहा वर्षं झाली मला. रोज कोणीतरी येऊन विचारतं, दादा कुठायत. तुम्ही नाही विचारलंत. मला वाटलं... मला काय वाटलं ते राहू दे!"

"सोमवारी माझे हात थरथरत होते," मेल्रॉय म्हणाला. "दुसऱ्या कोणाचा असता तर मी उघडला असता. पण आत डॅडी होते. रोज पोरांना शिकवतो, महत्त्वाची फाइल तीन ठिकाणी ठेवा. स्वतःची दुसऱ्या एकाही ठिकाणी ठेवली नाही. कॉपी करायची म्हणजे तिला हात लावायचा, आणि मला ते जमत नव्हतं... सोमवार खरा होता. पुढचे चार दिवस..." त्याने तिच्याकडे पाहिलं. "पुढचे चार दिवस मी तुम्हाला बघायला येत होतो. दुसरं कारण सुचलं नाही."

चांदणीचं रागावून बसलेलं मन एकदम खालीवर झालं. पण राग एवढा वर चढवल्यावर खाली कसा आणायचा, हे ठाऊक असेल तर ती चांदणी कसली!

"फाइल झाली की फोन करीन. माउस घेऊन जा."

तो गेला. सेल काउंटरवरच राहिला.

शनिवारी दुपारी शंभर टक्के झाले. चांदणीने पहिली दहा सेकंद चालवून पाहिली. खुर्चीत बसलेले एक कृश गृहस्थ खाकरले, आवाज स्वच्छ होता. तिने लगेच बंद केलं. गिऱ्हाइकाच्या घरचं बघायचं नाही, हा तिच्या दुकानाचा पहिला नियम. तिने फोन लावला, मेल्रॉयने उचलला नाही. पुन्हा लावला. लग्नघर, वाजंत्री, कोणाला ऐकू जाणार?

तिने शटर ओढलं आणि स्वतःचा लॅपटॉप पोटाशी धरून रिक्षात बसली.

डोंगरीला मांडवात गर्दी होती. रिवाजाप्रमाणे नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायला मंडळी निघायच्या बेतात होती, बँडवाले भोंगे पुसत होते. नव्या सुटातला मेल्रॉय तिला पाहून जागीच गोठला.

"पूर्ण आहे," एवढंच म्हणून तिने लॅपटॉप पुढे केला. "पडद्याला जोडून देते आणि निघते."

"पास्कल. त्यांचं नाव पास्कल," तो पुटपुटला. फाइलवर ते नाव तिने आठवडाभर वाचलं होतं, तरी तिने मान हलवली.

मांडवातल्या मोठ्या पडद्यावर पास्कल दिसले आणि सगळं गाव चिडीचूप झालं.

"क्रिस्टल, बाय माजे," ते म्हणाले, "रडू नको. तुजा डॅडी हितंच हाय." क्रिस्टल रडलीच. त्यांनी तिला, जावयाला, पोटभर आशीर्वाद दिले. चांदणी मागच्या मागे सटकायला वळली, तेवढ्यात पडद्यावरचा आवाज पुन्हा आला.

"आन मेल्रॉय... तू जगाच्या मशिनी नीट करशील, सोताचं काय न्हाय करनार. म्हनून मी तुज्या मम्मीला एक निशानी सांगून ठेवलीय. ज्या दिशी हा पोरगा चांगली वस्तू बिगडवून कोनाकडं नीट करायला नेईल, त्या दिशी समजायचं. मी बी तेच केलतं. तिच्या, गर्ट्रूडच्या, बापाकडं मासलीची जाली शिवायला न्यायचो. फाटलेली नसायची... मी सोता सुरीनं कापायचो!"

मांडवात मग हास्याचा असा गडगडाट झाला की बँडवाला दचकला. मेल्रॉय दगडासारखा उभा होता. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि हसूही त्याच्यातच मिसळलेलं. वडिलांनी त्याला इतकं आरपार ओळखलं असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चांदणीचे पाय जमिनीला चिकटले. नऊवारी लुगडं नेसलेली, केसांत फुलं माळलेली एक ठेंगणी बाई गर्दी कापत तिच्यापुढे आली. ती गर्ट्रूड, मीठ घालणारी मेल्रॉयची आई.

"मंगलवारपासून घरातली येकेक मशीन बाहेर जात व्हती," ती म्हणाली. "मला काय कलत न्हाय? तूच ना ती मिठागरवाल्याची पोरगी?"

"हो... आंटी."

"माजा इलाज चुकला काय ग?"

चांदणीने मेल्रॉयकडे पाहिलं. "लॅपटॉपसाठी चुकला," ती म्हणाली.

गर्ट्रूडने खळखळून हसत तिच्या हातात पाण्याची एक छोटी कळशी दिली आणि तिला बायकांच्या रांगेत उभं केलं. बँड सुरू झाला. मेल्रॉय तिच्या शेजारून चालू लागला... एक पाऊल मागे, जणू परवानगी मिळायची होती.

"चांदणी," तो त्या गोंगाटात कसाबसा म्हणाला, "सोमवारी दुकान उघडं असेल?"

तिने पर्समधून काल विसरलेला सेल काढून त्याच्या तळहातावर ठेवला. बोटं तिथेच राहिली.

"असेल. पण काही बिघडवून आणायचं नाही," ती म्हणाली. "नुसतं यायचं."