उजवी धमनी

गळ्यात नादपट्टी नसलेला माणूस आता मिरजेत शोधूनही सापडला नसता. कानाला ऐकू न येणारा ध्वनी मानेत सोडायचा, प्रतिध्वनी टिपायचा आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांची खबर थेट इस्पितळाला द्यायची, एवढंच तिचं काम. माणूस घाबरू नये म्हणून ती स्वतः मुकी.

आज सकाळी हृषीकेशच्या पट्टीने कळवलं होतं, उजवी धमनी बंद. मृणाल त्याला घेऊन तडक इस्पितळात आली. परवाच नवऱ्याची साठीशांती. हारांत अडकतात म्हणून दोघांच्या पट्ट्या काढून भटजींच्या ताम्हनात ठेवल्या होत्या. तेवढ्या तासाभरातच घात झाला असेल का?

"पट्टी बंद म्हणतेय, मग नळी कशाला घालायची?" तिने विचारलं.

"काकू, पूर्ण बंद धमनी आणि केसाएवढी उघडी धमनी, ध्वनीला दोन्ही सारख्याच," डॉ. शिकलगार म्हणाल्या. "बंद असेल तर शस्त्रक्रिया व्यर्थ. केसाएवढी उघडी असेल, तर तीच वाचवेल. म्हणून ही जुनी अँजिओग्राफी. मांडीतून नळी मानेपर्यंत न्यायची, रंग सोडायचा, क्ष-किरणांनी चित्र काढायचं."

"धोका?"

"शंभरात एखाद्याला नळीनेच मेंदूचा झटका येतो. उजवी धमनी, म्हणून शरीराची डावी बाजू जाऊ शकते."

"तो एखादा आमचाच निघाला तर?"

डॉक्टरांनी कागद पुढे केला. मृणाल डावखुरी. सही वेडीवाकडी आली. बोटं सकाळपासून बधिर होती. पन्नास पुरणपोळ्या लाटल्यावर दुसरं काय होणार!

तासाभराने डॉक्टर हसतच बाहेर आल्या.

"काकू, धमनी लख्ख आहे! कुठे गाठ नाही, काही नाही."

मृणालला रडू फुटलं. "मेली ती पट्टी! जीव टांगणीला लावला नुसता."

"पण पट्टी अशी चुकत नाही," डॉक्टर पुटपुटल्या. हृषीकेशच्या गळ्यातून काढलेली पट्टी त्यांच्या हातातच होती. त्यांनी ती उलटी केली आणि आतली बारीक अक्षरं वाचली. मृणाल तासगावकर.

त्यांनी मृणालच्या गळ्याकडे पाहिलं. मग कागदावरच्या सहीकडे.

"काकू, डावा हात वर करा बघू."

मृणालला हसू आलं. आजारी नवरा, आणि तपासणी बायकोची!

"हा काय, केला की," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्या मांडीवर तसाच पडून राहिलेल्या हाताकडे बघत होत्या.