कुंकवाखालची पट्टी

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी धडगावच्या एका आरोग्यसंस्थेतल्या सर्व्हरवरचा झेंडू सुकून गेला होता. सर्व्हरमध्ये अकरा हजार नावं होती. आता एकही नव्हतं.

"सिकलसेलच्या रुग्णांची यादी होती, ताई," संस्थेची कार्यकर्ती प्रतिभा म्हणाली. "कोणत्या पाड्यावर कोण आजारी, कोणाला कोणत्या गोळ्या. तीन वर्षं पायी फिरून भरली, दुसरी प्रत नाही. दिवाळीनंतर अर्धे पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातील, काही तर आत्ताच निघालेत. आणि शेठ मला उद्या पोलिसात देणार." ती एकदम घरच्या बोलीवर आली. "बटन मी दाबं, हाई खरं शे. पन मी काही पुसं नही!"

संगणकातल्या भानगडी शोधून काढणारी अल्पना कोठारी नंदुरबारहून तिच्यासाठीच आली होती. सोबत नेहमीप्रमाणे शांतीलालमामा होते. घाटातल्या जीपने त्यांचं डोकं अजून गरगरत होतं.

"बारा वाजता हिने बटण दाबलं आणि यादी गेली," धर्मचंद शेठ म्हणाले. ते संस्थेचे अध्यक्ष. "यात शोधायचं काय, बाई?"

"सर्व्हर बंद का केला होता?"

"पूजेला. दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक यंत्र बंद करून पुसतात. मी कुंकू लावतो, मग सगळी चालू करून ओवाळायची. कपाटातलीसुद्धा."

टेबलावर एक काळा डबा होता. त्यालाही हार होता आणि त्याची वायर अजून भिंतीत खोचलेली होती.

"हा कशाचा?"

"माझा," नमन म्हणाला. विसरवाडीच्या दुकानातून संस्थेची यंत्रं तोच सांभाळायचा. "मागच्या दसऱ्यानंतर सर्व्हर बसवताना याच्यातून नवी प्रणाली भरली होती. तेव्हापासून कपाटात होता."

"आणि सर्व्हर?"

"तेव्हापासून एकदाही बंद नाही. बॅटऱ्या आहेत ना."

"पूजेनंतर काय झालं, प्रतिभा?"

"पडद्यावर आपोआप काहीतरी भरायला लागलं. बारा दहाला नमनभाऊंना फोन केला. ते म्हणाले, चालू राहू द्या, बघतो. मग मी अंगणात प्रसाद वाढायला गेले."

"दोन वाजेपर्यंत माझ्यासमोरच होती," शेठ नाइलाजाने म्हणाले.

"नमन, तू बघितलंस?"

"त्या दिवशी हातच लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून दुरून दुरुस्ती करतोय. काही सापडत नाही."

"दुरून म्हणजे कसं?" मामांनी विचारलं.

"सर्व्हरमध्ये एक छोटा स्वतंत्र भाग असतो, काका. सर्व्हर बंद असला तरी तो जागा. विसरवाडीत बसून यंत्र चालू-बंद करता येतं. आतल्या डिस्कवरून सुरू व्हायचं की नेटवर्कवरून, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून, तेही ठरवता येतं."

"त्याचा पासवर्ड?"

"सर्व्हरवरच्या पट्टीवर आहे. कोणीही वाचू शकतं."

अल्पना वाकली. पट्टीवर शेठांनी तेलात कालवलेल्या कुंकवाचा जाड स्वस्तिक काढलं होतं. ते वाळलं होतं, कुठेही पुसलं नव्हतं. तिने कापसाने ते सोडवलं, खालची अक्षरं वाचली आणि प्रतिभाच्या संगणकावर बसली. पाच मिनिटांनी तिने पडदा सगळ्यांकडे वळवला.

"त्या छोट्या भागाची स्वतःची नोंदवही असते. मागच्या वर्षी नमनने सर्व्हरला सांगितलं, नेटवर्कवरून सुरू हो. ते 'फक्त एकदा' म्हणून सांगायचं होतं. निवडलं 'कायम'. वर्षभर सर्व्हर बंदच झाला नाही, म्हणून ती चूक झोपून राहिली. दसऱ्याला तुम्ही कपाटातला डबाही भक्तिभावाने चालू केलात, शेठ. सर्व्हर उठला, नेटवर्कवर डबा भेटला, आणि डब्याने आपलं एकच काम केलं. डिस्क पुसून नवी प्रणाली भरली."

"म्हणजे गुन्हेगार कोणीच नाही?" मामा म्हणाले.

"इथवर नाही. पण ही पुढची नोंद बघा. दसरा, बारा चाळीस. 'डिस्कवरून सुरू हो, कायम.' कोणीतरी चूक गुपचूप सुधारली. प्रतिभा आणि शेठ अंगणात होते. पट्टी कुंकवाखाली होती. पट्टी न वाचता पासवर्ड ठाऊक असणारा एकच माणूस, आणि यंत्राचं काय झालं हे फोनवरून कळलेलाही तोच."

नमनने मान खाली घातली. "चूक कळली असती तर मला कोणी काम दिलं नसतं, ताई. वाटलं, नोंद बदलली की झालं."

"बारा दहाला तू एवढंच म्हणायचं होतंस, वायर उपट. जुनं बरंचसं परत काढता आलं असतं. तू म्हणालास, चालू राहू द्या. आणि तीन दिवस त्याच्यावर नवं भरत राहिलास."

"आता?" शेठांनी विचारलं.

"आता काहीच परत निघणार नाही," अल्पना म्हणाली.

शेठांनी खिशातला तक्रारअर्ज काढून फाडला. "बेटी," ते प्रतिभाला म्हणाले आणि तुकडे तिच्यासमोर टेबलावर ठेवले.

बाहेर भांडी-गोधड्यांनी भरलेला एक ट्रक हॉर्न देत घाटाकडे निघाला होता. प्रतिभा धावत दारात गेली. मागे बसलेल्या पोरांपैकी तिघं तिला चेहऱ्याने ओळखू आली. एकाने हातही हलवला.

कोणाला कोणती गोळी, ते तिला आठवेना.