वरच्या मजल्यावरचं जेवण

अळूच्या एका जुडीपायी आपण प्रेमात पडणार आहोत, असं विराजला कुणी आधी सांगितलं असतं तर तो हसला असता. अळू त्याला आवडायचंसुद्धा नाही.

जयनगरच्या बाजारात पालेभाजीवाल्या अक्कासमोर एक मुलगी हातवारे करत उभी होती. "अळू... मोठी पानं... बडे पत्ते!" अक्का बिचारी एकामागून एक पालक, राजगिरा, शेवटी केळीचं पानही दाखवून दमली, आणि ही प्रत्येक वेळी अशी मान हलवत होती की कानातले झुमके दमले असतील. विराज कोथिंबीर घ्यायला आलेला. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "अळू पायजे का? थांबा स्वल्प, मी सांगतो तिला."

त्याने कन्नडमध्ये सांगितल्याबरोबर अक्काने टोपलीखालून जुडी काढली. मुलगी मात्र जुडीकडे बघेचना. ती त्याच्याकडे बघत होती... टक लावून. आणि मग खळखळून हसली.

"अय्या! तुम्ही मराठी?"

झालं! विराजचे कान तापले. त्याचं घराणं तीनशे वर्षांपासून या कानडी मुलखातलं, घरातली मराठी कन्नडमध्ये मुरलेली. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात मुंबईच्या तनयने एकदा कँटीनमध्ये दहाजणांसमोर त्याच्या बोलण्याची नक्कल केली होती. सगळे पोट धरून हसले होते, आणि विराजही हसला होता, नाइलाजाने. तेव्हापासून पुण्या-मुंबईचं माणूस दिसलं की तो इंग्रजीत शिरायचा. आत्ताही शिरला.

"येस, येस. मराठी. बट लोकल."

तिचं हसू जरा विरलं. ते काही त्याला दिसलं नाही.

ती शाल्मली. पुण्याची, कोरमंगलातल्या पीजीत राहणारी, खोलीत चोरून इंडक्शन शेगडी ठेवणारी. अळूच्या निमित्ताने नंबर घेतले गेले, मग कॉफी झाली, मग दर शनिवारी कॉफी व्हायला लागली. ती मराठीत बोलायची, तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा. ती बोलताना कपाळावरची बट फुंकर मारून उडवायची, आणि विराजला पुढचं वाक्य सुचायचं नाही. वेडाच झाला होता तो, दुसरं काय!

"तुमच्याकडे रविवारी काय असतं जेवायला?" एकदा तिने विचारलं. "रविवारी पीजीत मला रडू येतं, माहितीये? सगळ्या घरांमधून वास येतात."

आता, विराजच्या घरी रविवारी काय असतं? तीस वर्षांत चुकलं नाही असं मटणाचं सारू, म्हणजे पातळ रस्सा, असतं आणि नाचणीच्या उकडीचे रागी मुद्दे असतात. अम्मा, म्हणजे मथुराबाई, मसाला वाटते. अप्पा, शंभूराज, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, बनियन घालून लाकडी दांड्याने नाचणीचं पीठ घोटतात आणि तळहातावर गरगरीत गोळे वळतात. वरच्या मजल्यावरचे व्यंकोजी काका खाली येतात, सगळे जमिनीवर बसतात, मुद्दा सारूत बुडवून न चावता गिळतात आणि बोटं चाटतात. पाहुणं असेल तर पहिला मुद्दा अप्पांच्या हातून त्याच्या ताटात पडतो. हा त्या घरचा मान.

"सिंपल," विराज म्हणाला. "वरण-भात, मसालेभात... यू नो, टिपिकल."

"मग बोलाव की रे!" तिने डोळे मिचकावले. "की मीच बोलावून घेऊ स्वतःला?"

त्याने बोलावलं. आणि घरी जाऊन जे केलं, ते सांगताना मलाही शरम वाटते.

"मटण नको?" अम्मा म्हणाली. "रविवारी? मग अप्पा काय जेवतील?"

"त्यांना वर काकांकडे पाठव. तिथं करू दे काय ते. पुण्याची माणसं आहेत, अम्मा, त्यांना आपलं चालत नाही. मी व्हिडिओ दाखवतो, तसं कर. आणि... तू जास्त बोलू नको. नुसतं हस."

अम्माने डाळीचा डबा खाली काढला. "सरी, करते तसंच," म्हणाली आणि डाळ निवडायला बसली.

रविवारी शाल्मली आली ती निळ्या सुती साडीत, हातात मोगऱ्याचा गजरा अम्मासाठी. विराजने टेबलावर नवं कापड अंथरलं होतं. मसालेभात तळाला लागला होता, अळूचं फतफतं पाणचट झालं होतं. मेथीदाणे जास्त पडल्याने आमटी कडू होती. अम्मा वाढत होती आणि हसत होती. शाल्मली विचारी, "काकू, तुम्ही कधी बसणार?" अम्मा मुलाकडे बघून पुन्हा हसे. तेच हसू, पाचव्यांदा.

आणि तेवढ्यात जिन्यावरून तो वास आला. भाजलेलं खोबरं, धणे, मटण.

शाल्मलीने डोळेच मिटले. "अगं बाई... कुणाकडे शिजतंय हे?"

"अपस्टेअर्स. नेबर्स," विराज म्हणाला.

खोटं एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण दार ढकलून अप्पा आत आले. अंगात बनियन, हाताला पीठ, आणि त्या हातात स्टीलचं ताट. ताटात वाफाळणारा एक मुद्दा आणि वाटीभर सारू. मूल सांगेल ते ऐकून वर जाऊन बसलेला बाप, पण पाहुणी घरात असताना पहिला मुद्दा दुसऱ्याला वाढवेना त्यांना!

"पाहुणी आलीय म्हणून आणलं," अप्पा संकोचून म्हणाले. "आवडलं तर खा मा, नायतर ठेव."

शाल्मली उठून उभी राहिली. "हे कोण?" तिने विराजला विचारलं.

त्याने अप्पांच्या बनियनकडे पाहिलं. पिठाच्या हातांकडे पाहिलं. कँटीनमधलं ते हसणं त्याच्या कानात वाजलं आणि तोंडून शब्द गेले, "हे... वरचे. नेबर अंकल."

अप्पांनी ताट टेबलावर ठेवलं. नीट, आवाज न करता. "होय मा," ते म्हणाले, "वर राहतो मी." आणि जिना चढून गेले.

तेव्हा अम्माने हातातला डाव ठेवला. सकाळपासून पहिल्यांदा ती बोलली. "माझा नवरा आहे तो. याचा बाप."

शाल्मलीने विराजकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या नजरेत ओळखच उरली नव्हती. तिने अप्पांनी आणलेलं ताट दोन्ही हातांनी उचललं.

"अम्मा, मी हे वर बसून जेवू का?"

"चल. मीही येते. या भातापायी सकाळपासून उपाशी आहे मी."

दोघी गेल्या. विराज एकटा टेबलाशी बसला, समोर चार माणसांचं पुणेरी जेवण. शरमेने माणसाला घाम फुटतो म्हणतात. त्याला थंडी वाजत होती. 'अप्पांनी चिडून दोन लगावल्या असत्या तर!' त्याच्या मनात आलं. पण ते तर त्याचं खोटं सांभाळून घेऊन गेले होते, पाहुणीसमोर मुलाचं नाक कापलं जाऊ नये म्हणून.

वरून हसण्याचे आवाज येत होते. जिन्याच्या सोळा पायऱ्या चढायला त्याला पाव तास लागला.

दारात तो उभा राहिला. सगळे जमिनीवर बसले होते. शाल्मली पदर खोचून मुद्दा गिळायला शिकत होती आणि व्यंकोजी काका तिला शिकवत होते. त्याला बघून काकांचा चेहरा कडक झाला. "कोण आलंय रे, शंभू?" त्यांनी मुद्दामच विचारलं.

अप्पांनी मान वर केली. आता ते काहीही म्हणू शकत होते.

"माझा मुलगा," अप्पा शाल्मलीला म्हणाले. "विराज. चांगला आहे मा, स्वल्प भित्रा आहे."

विराज तिथेच दारात बसला आणि लहान पोरासारखा रडला. "चुकलो अप्पा... लई चुकलो. अम्मा, मला माफ कर." अम्माने काही माफ-बिफ केलं नाही. तिने फक्त एक ताट पुढे सरकवलं. अप्पांनी त्यात मुद्दा वाढला.

शाल्मली जेवण होईपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. जेवणं झाल्यावर तो खाली येऊन करपलेलं पातेलं घासायला लागला, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

"मी मटण खाते. तू विचारलंस कधी?"

"नाही."

"तुला वाटलं, मी हसेन?"

"तू हसली होतीस," त्याने पातेल्याकडे बघत म्हटलं. त्या पहिल्या भेटीनंतर आजच तो तिच्याशी घरच्या बोलीत बोलत होता. "बाजारात. मी स्वल्प बोललो आणि तू हसलीस."

"वेड्या!" तिने नळ बंद केला. "आठ महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी घरच्यासारखं बोललं होतं, म्हणून हसले मी. आणि पुढच्याच क्षणी तो माणूस इंग्रजीत गडप! चार महिने कॉफ्या पीत त्यालाच शोधतेय मी."

साबणाचा फेस कोपरापर्यंत ओघळत होता. "तू मला आवडतेस," तो कसाबसा म्हणाला. "पण आज हे म्हणायची माझी लायकी नाही."

"नाहीच आहे," ती म्हणाली.

तिचा फोन वाजला. पुण्याहून आईचा, दर रविवारचा व्हिडिओ कॉल. विराज बाजूला सरकायला लागला. आपण आता 'ओळखीचे कुणीतरी' होणार, हे त्याने मनोमन मान्य केलं होतं. तेवढी शिक्षा त्याला मिळायला हवीच होती.

शाल्मलीने त्याच्या ओल्या दंडाला धरून त्याला कॅमेऱ्यासमोर ओढलं. "आई, हा विराज. मी याच्याबद्दल सांगत होते ना? आज फार वाईट वागलाय. पण मला आवडतो."

पलीकडे आई गडबडल्या, चष्मा सारखा करत म्हणाल्या, "बरं... बरं. जेवलात का हो?"

इंग्रजी वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं, न चावता.

"होय मा, जेवलो की," विराज म्हणाला. "मटण सारू आणि मुद्दे. माझ्या अप्पांनी केलते."