दोघांनी केलेलं विमान

"हे चाक चुकलंय," शेजारची मुलगी म्हणाली.

२००४ चा फेब्रुवारी. हिंगोलीहून संध्याकाळी साडेपाचला सुटणारी नांदेडची एसटी. तिघांच्या बाकावर चौघं बसलेले, आणि विश्वांभर दळवीच्या मांडीवर एका छोट्या लढाऊ विमानाचं चित्र. कागदाच्या कडेला त्याच्या बोटांचे पिवळे डाग पडले होते.

"कोणतं चाक?"

"पोटाखालचं. दोनच चित्रं काढलीत, एक पूर्ण आत, एक पूर्ण बाहेर. नॅटचं तसं नसतं. मधेही थांबतं ते."

विश्वांभर कुरुंद्याचा. हिंगोलीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा, आणि घरी जायला वारंगा फाट्याला गाडी बदलायचा. या जिल्ह्यात 'नॅट' हे त्या विमानाचं नाव स्वतःहून घेणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

"मधे थांबलं तर विमान पडेल की," तो म्हणाला.

"पडत न्हाई. हळू होतं. चाकं अर्धी बाहेर काढली की वारा अडतो. त्याचा तोच ब्रेक होता."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. नऊ वर्षं त्याच विमानाच्या पोटाखाली होते ते, एअर फोर्समध्ये." तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. "हळद लागलीय वाटतं."

"घरी शिजून राहिली. वाळलेली सकाळी पॉलिशच्या ढोलात घातली, अन् तसाच क्लासला आलो..."

"हं." तिनं डोळे मिटले. "मी झोपते. दिवसभरात अकरा लग्नपत्रिका झाल्या आज. वारंगा फाट्याला उठवा."

उठवायचं कसं, हा प्रश्न विश्वांभरला कळमनुरीपासून पडला. नाव माहीत नव्हतं. खांद्याला हात लावणं बरं दिसलं नसतं. फाटा आला तेव्हा त्यानं कागद तिच्या कानाशी दोनदा फडफडवला.

"विमान उडवलंत की काय?" ती दचकून म्हणाली. आणि उतरताना, थकलेल्या चेहऱ्यानंच, थोडी हसली.

तिचं नाव सत्वशीला इंगोले. हिंगोलीत एका डीटीपी सेंटरमध्ये ती पत्रिका, हँडबिलं आणि बिलबुकं तयार करायची.

पुढच्या रविवारी विश्वांभर चाकाचं नीट विचारायला वारंग्याला गेला. फाट्यावर तिच्या वडलांचा एसटीडी बूथ होता. सटवाजी इंगोले सार्जंट म्हणून निवृत्त झाले होते. मोबाइल आल्यापासून बूथवर कुणी फिरकत नव्हतं, तरी ते रोज सकाळी फोन पुसायचे.

"कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ असतो, काका," विश्वांभरनं सांगितलं. "फ्लाइट सिम्युलेटर. त्यात जी विमानं न्हाईत ती लोक घरी बसून बनवतात. इंटरनेटवर फुकट टाकतात. दुसऱ्यानं उतरवून घ्यायची आन् उडवायची. मी नॅट बनवून राहिलो."

"फुकट? मग काहून बनवतो?"

"नीट बनवलेलं कुणाचं न्हाई, म्हणून," विश्वांभर म्हणाला.

सार्जंटना ते उत्तर चाललं. त्यांनी कागद उलटा केला आणि पेन्सिलीनं चाकाच्या तीन अवस्था काढून दिल्या. आत. अर्धं. बाहेर. मग दोन तास ते बोलत राहिले. नॅट एवढं ठेंगणं की काम करायला शिडी लागायची नाही. आतली जागा एवढी अरुंद की बारीक हाताच्या माणसालाच आत घालायचे, आणि तो माणूस बहुतेक वेळा सटवाजी असायचा. बायको नीलाबाई चहा ठेवून गेली, तो निवला.

"बाबा घरात एवढं बोलत न्हाईत," सत्वशीला नंतर म्हणाली. "तुमी येत जा, सर."

"तुमच्या बाबांसाठी?"

"मग कुणासाठी?"

विमानाचा सांगाडा विश्वांभर करायचा. त्याच्यावर चढवायची कातडी सत्वशीलानं अंगावर घेतली. कातडी म्हणजे एक सपाट चित्र. पत्रे, सांधे, रिव्हेट, धुराचे डाग, आकडे, सगळं त्यात काढायचं आणि ते सांगाड्याभोवती गुंडाळायचं. सेंटरमध्ये काम संपलं की ती अर्धा तास त्यावर बसायची, वीज असली तर. दर शनिवारी साडेपाचच्या गाडीत सीडीची अदलाबदल व्हायची.

"डाव्या पंखावर रिव्हेट सहा कमी आहेत," तो सांगायचा.

"मोजले तुमी?"

"व्हय."

"बाकीच्या लोकांना मुली आवडतात, सर. तुमाला रिव्हेट."

तो खिडकीबाहेर बघायचा. कान लाल व्हायचे. तिला ते दिसायचं, आणि दमल्याभागल्या माणसांच्या त्या गाडीत तेवढं तिला पुरायचं.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात एका शनिवारी कळमनुरीच्या पुढे पावसानं गाठलं. फाट्यावर उतरले तेव्हा निवाऱ्याचं छप्पर दोन ठिकाणी गळत होतं. कोरडी जागा दोन फुटांची होती. सीडी भिजू नये म्हणून तिनं ती ओढणीत गुंडाळून छातीशी धरली. तो अर्धा पावसात उभा राहिला.

"आत या ना. चावत न्हाई मी."

तो आत सरकला. तिच्या बाहीला त्याची बाही लागली आणि तिथंच राहिली. ट्रक चिखल उडवत जात होते.

"शीला..." त्यानं पहिल्यांदा नाव घेतलं, घरात घेतात ते. "मला तुमच्या बाबांशी बोलायचंय. म्हणजे— आपल्याबद्दल."

"मग बोला."

"विमान झालं की बोलतो. अर्धवट काम घेऊन कसं जाणार त्यांच्यापुढं? ते पूर्ण झालं की— लगेच."

ती हो म्हणाली. त्या रात्री तिला छान झोप लागली.

पण विमान होईना. ऑक्टोबरात काचेची चौकट जाड वाटली, म्हणून त्यानं ती पुन्हा केली. दिवाळीनंतर वैमानिकाच्या खुर्चीचा रंग बदलला. जानेवारीत नाकावरची नळी दोन बोटं लांब निघाली. भारनियमन बारा तासांवर गेलं. क्लासच्या दोन बॅचच्या चार झाल्या. शनिवारी गाडीत भेटायचे तेव्हा दोघांनाही बोलायचा कंटाळा आलेला असायचा. तो सीडी द्यायचा, ती पिशवीत टाकायची.

सत्वशीलाचा धंदा वेगळा होता. तिथं मुहूर्त आधी ठरायचा आणि पत्रिका त्याच्या आत निघायची. मामाचं नाव चुकलं तरी निघायची. चुकीपायी लग्न पुढं गेलं, असं तिनं सहा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. हे तिनं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "पत्रिका वेगळी अन् विमान वेगळं."

२००६ च्या एप्रिलात, आठ तारखेला, तिनं गाडीत सांगितलं, "सोळा तारखेला, रविवारी, मला बघायला पाहुणे येऊन राहिलेत. नांदेडचे. मुलगा बँकेत आहे."

विश्वांभरनं सीडी तिच्या हातात दिली. "फक्त उजव्या बाजूचा विमानाचा आकडा राहिलाय आता. आन् सावली थोडी... सोळाच्या आत करतो. बघतो."

"बघता?"

"म्हणजे, करतोच. बहुतेक."

त्या दिवशी ती निरोप न घेता उतरली.

सोमवारी तिनं शनिवारच्या सीडीतल्या विमानावर उजव्या बाजूचा आकडा स्वतः रंगवला आणि बसवला. मंगळवारी दुपारी ती नेट कॅफेत गेली. विमान साइटवर चढायला सव्वीस मिनिटं लागली. मधे वीज गेली, पण कॅफेवाल्याच्या बॅटरीनं निभावलं. सोबतच्या माहितीत बनवणाऱ्यांची नावं लिहायची जागा होती. तिथं तिनं लिहिलं: विश्वांभर दळवी, कुरुंदा. सत्वशीला इंगोले, वारंगा फाटा. सहा वर्षांत तिनं हजारो माणसांची नावं छापली होती. स्वतःचं नाव कुठं घातलं, ते इथं पहिल्यांदा.

गुरुवारी दुपारी विश्वांभर सेंटरच्या दारात उभा राहिला. हातात प्रिंट होती.

"तुमी टाकलं?"

"मी टाकलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दोन हजार दहा साल उजाडलं असतं, सर. विमान झालं की बोलतो म्हणाला होतात. झालं विमान. बोला आता."

त्यानं प्रिंट टेबलावर ठेवली. विमानाची उजवी बाजू होती. त्यावरचा आकडा उलटा होता, आरशात दिसतो तसा.

तिला चूक लगेच कळली. पत्रिकेचा मजकूर ती पातळ बटरपेपरवर उलटा काढायची, म्हणजे छापखान्यातल्या प्लेटवरून छपाई सुलटी यायची. शेवटचं काम हातावेगळं करताना चित्र उलटवायचं बटण दाबायची बोटांना सवय होती. डाव्या बाजूचा आकडा त्यानं तपासून घेतला होता. उजवा तिनं एकटीनं केला, आणि उलटवला.

"काढून टाका," ती हळूच म्हणाली. "दुरुस्त करून परत टाका. नाव खोडा माझं."

"एकशे बारा जणांनी घेतलंय." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "इंग्लंडच्या एका म्हाताऱ्यानं लिहिलंय. नॅटवर मेकॅनिक होता म्हणे. आकडा उलटा आहे, पण चाकं अर्धी उघडणारं नॅट कॉम्प्युटरवर पहिल्यांदाच पाहिलं, म्हणतो. एका दिवसात चाळीस वेळा धावपट्टीवर उतरवलं त्यानं."

"अन् तुमी काय म्हणता?"

विश्वांभरनं तोंड उघडलं. काउंटरवर एक जण पत्रिकेचा नमुना मागायला आला. ती उठली. परत वळली तेव्हा खुर्चीमागं कुणी नव्हतं आणि प्रिंट टेबलावरच होती.

ती प्रिंट तिनं घरी नेली आणि वडलांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली आणि परत दिली. शुक्रवार गेला. शनिवारच्या गाडीला विश्वांभर नव्हता. तिनं त्याच्यासाठी जागा धरली नव्हती, तरी ती नजर दाराकडेच ठेवून बसली.

रविवारी पाहुणे अकराला यायचे होते. साडेआठला सार्जंट बूथसमोर पाणी मारत होते. सत्वशीला मागच्या खोलीत केस विंचरत होती. पडद्यापलीकडून तिला विश्वांभरचा आवाज आला.

"काका, जरा बोलायचं होतं."

"तो आकडा पाहिला मी," सार्जंट म्हणाले. "असलं विमान आमी हँगरच्या बाहेर काढू दिलं नसतं."

"व्हय. चूक तशीच आहे अजून. दुरुस्त करायला बसलो होतो काल दिवसभर. मग म्हटलं, हे केलं की दुसरं काहीतरी दिसंल मला. तिसरं दिसंल." तो थांबला. "म्हणून तसाच आलो."

"कशाला आलास?"

"तुमची सत्वशीला... म्हणजे, मला... तुमी मला तिचा हात—" त्याचं वाक्य तिथंच अडकलं. "मला द्याल का?"

पडदा सरकला. सत्वशीला एका हातात फणी आणि दुसऱ्या हातात अर्धी वेणी धरून बाहेर आली.

"द्याल का म्हणजे? मी काय सीडी आहे, दर शनिवारी द्यायला?"

"न्हाई... तसं न्हाई."

"मग मला विचारा की. सात महिने बाबांशी बोलायचं, बाबांशी बोलायचं. मला कुणी विचारलंय का?"

सार्जंटनी बादली खाली ठेवली आणि दुसरीकडे तोंड केलं.

विश्वांभर रात्रभर झोपला नसावा. डोळे सुजले होते, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं. "माझ्याशी लग्न कराल?" तो म्हणाला. "मी हळू आहे. रिव्हेट मोजतो. हे माझं जाणार न्हाई. पण तुमच्याशिवाय कोणतंच काम मी संपवू शकत न्हाई, हे मला गुरुवारी कळलं. गुरुवारीच सांगायचं होतं..."

"गुरुवारचं रविवारी," ती म्हणाली. "म्हणजे सुधारलात की." तिनं फणी बूथच्या फळीवर ठेवली. "फार दमवलं तुमी मला. व्हय. करते."

"बाबा?" तिनं वळून विचारलं.

"मला काय विचारता? पोरगी म्हणाली ना व्हय." सार्जंटनी ओले हात धोतराला पुसले. "दोन वर्षं लावली रे. एवढ्यात आमी इंजिन दहा वेळा उतरवून चढवायचो." मग ते बूथमध्ये शिरले आणि नांदेडचा नंबर फिरवला. पाहुण्यांना सांगायला हवं होतं.

घंटी वाजत राहिली. तिघंही ऐकत राहिले. कुणी उचलला नाही.

"निघाले वाटतं ते," सार्जंट म्हणाले.

आतून नीलाबाई म्हणाली, "चार माणसांचे पोहे भिजवलेत मी! आता काय सांगायचं त्यांना?"

सगळ्यांनी विश्वांभरकडे पाहिलं.

"मी सांगतो," तो म्हणाला. "माझ्यामुळं झालं. गाडीतून उतरले की तिथंच सांगतो. घरात येऊन, बसून, मग कळायला नको त्यांना."

तो रस्ता ओलांडून थांब्याकडे निघाला. चालता चालता ओठ हलत होते. वाक्य जुळवत होता. मधेच थांबला, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

सत्वशीलानं दारातून ते पाहिलं. हा असाच बोलत राहिला तर पाहुणे पोहे खाऊन, हात धुऊन परत नांदेडला पोचतील, असं तिला वाटलं. तिनं वेणीला रबर लावलं, चपला घातल्या आणि भराभर रस्ता ओलांडला.

"तुमी फक्त उभे राहा," ती म्हणाली. "बोलते मी."

"चालेल," तो म्हणाला, आणि सरकून त्यानं तिला सावलीत जागा दिली.

नांदेडहून गाडी यायला अजून दीड तास होता.