देविदास सरांची झोप

हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्या खाटेशेजारी मी स्वतः होते.

मे २०१०. लातूर. दुपारचे अडीच, बाहेर रखरखीत ऊन.

मी हुस्ना. तेव्हा एका खासगी दवाखान्यात सिस्टर होते. दवाखाना ट्यूशनच्या एरियात. खिडकीबाहेर दिवसभर पोरापोरींच्या सायकली आणि गलका.

आमचे डॉक्टर ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या उशाशी सुगंधी फाया ठेवायला सांगायचे. दुखणं कमी जाणवतं, झोप लागते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या अब्बांचं अत्तराचं दुकान. म्हणून ते काम माझ्याकडे.

तळमजल्यावर देविदास सर होते. क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. मांडीच्या हाडात रॉड टाकलेला. किडनीच्या त्रासामुळे जोरदार औषधं देता येत नव्हती. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. बीपी चढत चाललेलं.

मी खसाचा, म्हणजे वाळ्याच्या अत्तराचा, फाया घेऊन गेले. सरांनी माझा हात धरला.

"सिस्टर, मला झोपवू नका."

"का सर?"

सर म्हणाले, "त्र्याण्णवच्या भूकंपात आमची चांगुणा गाडली गेली. धाकटी बहीण. दगडांखालून ठोकायची. ठक... ठक. मी वरून ठोकून सांगायचो, हाय मी इथंच. दोन दिवस हातानं उकरत राहिलो. मग बसल्या जागी डोळा लागला. उठलो तर..."

सरांनी मान भिंतीकडे वळवली.

"पोरं म्हणतात, सर लई मेहनती. पहाटे चारला वर्गात. त्यांना काय माहीत."

सतरा वर्षं हा माणूस धड झोपला नव्हता.

मी बीपी मोजलं. आकडा आणखी वर गेलेला.

"सर, मी बसते इथं. जागी राहते," म्हणाले आणि फाया त्यांच्या कॉलरला लावला.

दहा मिनिटांत सर झोपले.

मी खुर्चीवर बसले. पंखा घरघरत होता.

मग घरघर थांबली...

पंखा मात्र फिरत होता.

खिडकीबाहेरचा गलकाही नाही.

ठक.

खाटेखालून.

वाकून पाहिलं. नुसती फरशी. हात टेकवला...

ठक... ठक.

फरशी तळव्याखाली थरथरली.

खसाचा वास कुठेच नव्हता. चुन्याचा, कोरड्या मातीचा वास. घशात धूळ बसावी तसा.

सरांना उठवावं? पण त्या झोपेवर त्यांचा जीव अवलंबून होता.

तोवर ठोके मंदावत चालले. एक... मग कितीतरी वेळ काहीच नाही... मग आणखी हळू.

मला राहवेना. ट्रेमधली कात्री घेतली आणि फरशीवर दोनदा ठोकलं.

क्षणभर शांतता.

मग खालून भराभर... ठकठकठकठक! जणू कुणी दोन्ही मुठींनी ठोकतंय.

मी किंचाळले. त्याच क्षणी पंख्याची घरघर परत आली.

सर हललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले. बीपी उतरलेलं.

"लई वर्षांनी काहीच ऐकू आलं न्हाई, सिस्टर." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "तुम्ही... ठोकलं का?"

"नाही."

खोटं बोलले मी.

सर बरे होऊन घरी गेले. त्यांच्या पत्नी सत्यशीलाताई फोनवर सांगतात, आता गाढ झोपतात.

मी लग्नानंतर नांदेडला आले. पाचव्या मजल्यावर घर आहे. फरशीखाली माती नाही, दुसऱ्यांची बैठक आहे. त्यांना कधीच काही ऐकू आलेलं नाही.

मला येतं. भर दुपारी.

मी चमच्यानं उत्तर देते.

मुज्तबा, माझा नवरा, म्हणतो, "चार दिवस माहेरी जाऊन ये." मी टाळते. मी नसताना ठोकलं तर?

गेल्या महिन्यात एकदा मन घट्ट करून उत्तर दिलंच नाही. कान झाकून स्वयंपाकघरात उभी राहिले. ठोके हळू होत गेले... आणखी हळू...

मी धावत आले आणि रिकाम्या हातांनीच फरशी बडवत सुटले.